शिरूर-दौंडमध्ये कलाकार शोधताना

शिरूर, पहिला दिवस

शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरल्याउतरल्या मी चहावाल्याला विचारलं, "इथं कलाकार कुठं राहतात?"

त्याने गाळणी झटकली, माझ्या खांद्यावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कलाकार व्हय? पंचायतीत बघा की, ताई. समदे तिथंच बसत्यात."

बाकावरची दोन-तीन माणसं चहा सांडेपर्यंत हसली. मला हसण्याचं कारण कळलं नाही. उलट मनात आलं, पंचायतीने कलाकारांना बसायला जागा दिली आहे, म्हणजे हा तालुका पुण्यात सांगतात तेवढा मागास नाही. मी तिकडचा रस्ताही विचारून घेतला.

तुमच्यापैकी बहुतेक जण त्या बाजूला गेलेले नाहीत, म्हणून मी तिथे कशाला गेले होते ते आधी सांगते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांसाठी एक सांस्कृतिक आराखडा तयार होत होता. कुठे काय बांधायचं, कोणता उत्सव कोणी करायचा, कोणाला बोलवायचं आणि कोणाला वगळायचं, हे सगळं त्यात ठरणार होतं. त्यावर पुण्यात एक बैठक झाली. थंडगार हॉल होता. बैठक घेणारे सर 'क्रिएटिव्ह सेक्टर' हे दोन शब्द घशात अडकलेल्या पापडासारखे पुन्हापुन्हा वर काढत होते. त्यांनी वाटलेल्या फोल्डरवर ढोलाचं चित्र होतं, आणि चित्रातल्या माणसाने तो ढोल तबल्यासारखा मांडीपुढे उभा केला होता. नगर रस्त्याने सर वाघोलीच्या पुढे कधी गेलेले नव्हते. "तिथल्या कलाकारांना कोणीतरी एकत्र आणायला हवं," असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे सामोशांकडे वळले. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी जाते.

आराखड्याच्या सूचनापत्रातलं एकच वाक्य मला आवडलं होतं: 'सूचना केवळ कलाकारांकडूनच स्वीकारल्या जातील.' म्हणजे ठेकेदार बाद आणि पुढारीही बाद. कोण्या अज्ञात कारकुनाच्या हातून चुकून न्याय घडला होता.

मी पत्रकांत वाढले. आमचं घर इचलकरंजीत. वडील मागावर आणि आई संघटनेत. घरातल्या कोपऱ्यात पत्रकांचे गठ्ठे असत आणि पाहुण्याला पाण्याच्या आधी पत्रक मिळे. कामगारांची नाटकं आम्ही दोन शेडमधल्या बोळात करायचो. पडदा लावायला खिळा सापडायचा नाही. मध्येच सायकलवाला घंटी वाजवत रंगभूमीवरून जायचा. तेव्हापासून रंगमंच हा माझा हट्ट आहे. म्हणून शिरूरला नेलेल्या पत्रकावर मी ठळक मथळा दिला होता, 'कलाकारांनो, एक व्हा!' खाली सात मागण्या. मागणी क्रमांक एक: 'प्रत्येक गावात पक्का रंगमंच झालाच पाहिजे.' मागच्या बाजूला नाव, पत्ता आणि सहीचे रकाने होते. अगदी वर, निमंत्रक म्हणून, माझी सही.

पंचायतीत अर्थात कोणी कलाकार नव्हते. तिथल्या शिपायाने मला बाळू पेंटरकडे पाठवलं. स्टँडच्या मागच्या गल्लीत पन्नाशीचा एक माणूस स्टुलावर बसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर काढत होता. मोराचा पिसारा इतका सुरेख होता की त्यावर उद्या उसाच्या मोळ्या आपटणार, या विचाराने मलाच राग आला.

"तुम्ही कलाकार ना?" मी विचारलं.

ब्रश हवेत थांबला. "कोन म्हन्लं?"

"मी म्हणते."

"ताई, आपली वळख न्हाई, पाळख न्हाई. आल्याआल्या शिव्या देता व्हय?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "आमच्याकडं कलाकार म्हंजी, जो गोड बोलून तुमच्या बांधावरचं झाड त्याच्या बांधावर नेतो आन् वर तुम्हालाच सावलीला बोलवतो, त्यो. मी पेंटर हाय. पाटी वाचा की."

शब्दाची ही दुर्दशा ऐकून मी संतापले. पुढाऱ्यांनी नद्या खराब केल्या, माळ विकले, आणि आता शब्दसुद्धा यांनी वापरून टाकला. बाळू पेंटरना मी कला, श्रम आणि स्वाभिमान यांवर बराच वेळ ऐकवलं. तेवढ्यात त्यांनी मोराचा तुरा पूर्ण केला.

"बरं बोलता," ते म्हणाले. "येताना रस्त्यानं फ्लेक्स बघितले का?"

न बघून सांगते कुणाला! कोरेगाव भीमापासून पुढे कारखान्यांच्या भिंती संपल्या की वाढदिवस सुरू होतात. गॉगल लावलेले, हात जोडलेले, 'भावी' म्हणवणारे चेहरे. खाली चिमुकल्या चेहऱ्यांच्या रांगा, जणू विहिरीत पडलेली माणसं वर बघतायत. त्यांतल्या निम्म्यांवर 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहिलेलं होतं, आणि सांस्कृतिक म्हणजे कर्णे, असं त्यावरच्या चित्रावरून समजत होतं.

"पूर्वी पुढाऱ्याचं नाव भिंतीवर मी रंगवायचो," बाळू पेंटर म्हणाले. "चार दिस लागायचे. तवर त्यालाबी इचार करायला टाइम मिळायचा. आता सकाळी वाटलं आन् दुपारी फ्लेक्स."

शेवटी त्यांनी सही केली. "पर कलाकार म्हनून न्हाई हां. तुमी उन्हाच्या आल्या म्हनून." सहीच्या शेवटच्या अक्षरातून त्यांनी एक वेल काढली आणि तिला दोन पानं लावली. माझ्या पत्रकावरची पहिली सही. मी खूश होते. ती कशासाठी दिली हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, ते मी ऐकून सोडून दिलं.

न्हावरे, दुसरा दिवस

बाळू पेंटरनी मला मोटारसायकलवर न्हावऱ्याकडे नेलं. तिथल्या एका वस्तीवर गजी ढोल वाजवणारे भिवाआबा राहतात. आबांच्या ढोलावर देवाचं नाव बाळू पेंटरनीच रंगवलं आहे. गजी म्हणजे धनगरांचा नाच. मध्ये ढोल, भोवती रिंगण, हातात रुमाल.

वाटेत दूध संकलन केंद्रापाशी आम्ही थांबलो आणि मागून आलेल्या एका गाडीचा कॅन आमच्या कॅरियरवर कलंडला. पत्रकं दुधात न्हाली. कॅनवाला माझ्यावरच ओरडला, "कागद कशाला नेता दुदाच्या रस्त्यानं?" बाळू पेंटर त्याला म्हणाले, "अरे, ह्या कलाकारांना एक करायला निघाल्यात." तो लगेच शांत झाला आणि मोठ्या सहानुभूतीने माझ्याकडे बघू लागला.

वस्तीवर पोचलो तेव्हा माझ्या बॅगेतून दूध ठिबकत होतं. आबांची सून मंगल, तिशीची, हसरी आणि कामाला झपाटलेली. तिने काही न विचारता गठ्ठा सोडला आणि एकेक पत्रक दोरीवर वाळत घातलं. लुगडी, सदरे आणि मध्ये 'कलाकारांनो, एक व्हा!' वासराने एक पत्रक ओढून खाल्लं. त्या दिवशी तरी माझे विचार एवढेच काय ते कोणाच्या पोटात गेले.

आमच्याकडे पाहुण्याशी आधी बोलतात आणि पटला तर जेवायला बसवतात. इथे उलट आहे. तोंड उघडायच्या आत माझ्यापुढे हुलग्याच्या शेंगोळ्या आल्या. हुलग्याच्या पिठाची वळलेली वेटोळी लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली, शेजारी बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखाट हाय का?" मंगलने विचारलं.

"नाही, छान आहे."

"ताई खोटं बोलायला लागल्या," ती आबांना म्हणाली. "म्हंजी घरच्या झाल्या."

आबा सत्तरीचे. डोक्याला पंचा, पायांत काही नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घर मेंढरांमागे फिरायचं. आता कांदा, थोडा ऊस आणि दोन गाई. मेंढरं गेली, ढोल तेवढे राहिले. घराच्या समोरच बिरोबाचं देऊळ आहे, एवढं बुटकं की छप्पर उभ्या माणसाच्या छातीला लागतं. देवळापुढे मोठं मोकळं मैदान. दगड नाही, गवत नाही, पायांनी चोपून चोपून तव्यासारखं गुळगुळीत झालेलं.

धारा काढायच्या आधी आबांनी सहा-सात जण गोळा केले आणि मला गजी दाखवली. इथे मला टवाळी करायला काही सापडलं नाही, हे लिहून टाकते. ढोल कमरेला लावून आबा मध्ये उभे राहिले. रिंगण फिरू लागलं. रुमाल एकदम वर, एकदम खाली. वळताना सगळे एकाच वेळी देवळाकडे वाकत. ढोल आधी कानाला ऐकू येत नव्हता, तळपायाला कळत होता. मी चप्पल काढून उभी राहिले होते.

संपल्यावर मी विचारलं, "एवढे मोठे कलाकार तुम्ही, आणि तुम्हाला कोणी ओळखत नाही?"

सगळे आबांकडे बघू लागले. बाळू पेंटरनी कपाळाला हात लावला.

"आमी काय कुनाचं वाईट केलं, पोरी?" आबा म्हणाले. "आमी देवाचं करतो. कलाकारी न्हाई करत."

मी मंगलला पत्रक मोठ्याने वाचायला सांगितलं. दुधाने कडक झालेला कागद कडकड वाजत होता. मागणी क्रमांक एक ऐकून आबांनी तिला थांबवलं.

"पक्का रंगमंच म्हंजी?"

"स्टेज, आबा," मी म्हणाले. "सिमेंटचा. वर पत्रा. तुम्ही वर नाचायचं, लोकांनी खाली बसून बघायचं."

"आन् द्येव?"

"देव त्याच्या देवळात."

"म्हंजी द्येव खाली, आन् आमचे पाय त्याच्या डोक्याच्या वर?" आबांनी देवळाच्या छपराकडे पाहिलं. "लोकांचं काय, लोकं येत्यात, जात्यात. त्याला दिसलं पायजे."

मनात मी काय म्हटलं ते लपवत नाही. म्हटलं, श्रद्धेने माणूस जमिनीला बांधला गेला की त्याला उंचावर नेणाऱ्याचीच भीती वाटते. हे वाक्य मला एवढं आवडलं की मी ते वहीत लिहूनही घेतलं. मग आबांना मी हक्क म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं, मध्येमध्ये माझ्या हातावर शेंगदाणे आणि गूळ ठेवत.

"द्या कागुद," शेवटी ते म्हणाले. "येवढ्या लांबनं आली. दूध सांडलं तरी रडली न्हाई. पोरीचा शब्द कशाला मोडायचा!"

सावकाश, एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली. त्यांच्या मागे बाकीच्यांनीही केली. आबांचं अक्षर मोठं आणि पत्त्याचा रकाना लहान, म्हणून तो मीच भरला: 'बिरोबाच्या देवळासमोरील मोकळी जागा, न्हावरे परिसर.' घर त्या मोकळ्या जागेपाशी आहे, एवढंच मला सांगायचं होतं.

दौंड, तिसरा दिवस

दौंड हे रेल्वेचं गाव. इथे मराठी बोलता बोलता लोक हिंदीत उतरतात आणि स्टेशन बदलल्यासारखे पुन्हा मराठीत चढतात. आराखड्याची सुनावणी एका मंगल कार्यालयात होती. व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या आणि वधूवरांच्या लाल सोफ्यावर दोन अधिकारी बसले होते. कोणत्या खात्याचे ते लिहीत नाही. तो सोफा सगळ्या खात्यांच्या मापाचा असतो.

दाराशी बँड उभा होता. पाहुण्यांच्या स्वागताला वाजवायचं आणि मग बाहेर थांबायचं, असं त्यांना सांगितलेलं. सांस्कृतिक आराखड्याच्या सुनावणीत वाजवणारे बाहेर आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टातले ठेकेदार! मी बँडचे प्रमुख युसूफमास्तर यांना हाताला धरूनच आत नेलं. साठीचे, किडकिडीत, हातात क्लॅरिनेट, खांद्यावर उसवलेली सोनेरी झालर.

"चला, तुम्ही कलाकार आहात, पुढे बसा."

"कलाकार नको बोलू, बेटा," ते कुजबुजले आणि क्लॅरिनेटने व्यासपीठाकडे खूण केली. "कलाकार तिकडे बसलेत ना. आपण वाजवणारे."

तीन दिवसांत तिसरा माणूस. आता मला तालुक्यांचा नाही, भाषेचाच राग यायला लागला. तरीही मास्तरांनी सही केली, "तू आतमध्ये बसवलं, एवढा मान पहिल्यांदा मिळाला," असं म्हणत. माझ्याकडे सह्या जमत होत्या, आणि त्यांतली एकही माझ्या मागणीसाठी नव्हती.

मी पत्रक सादर केलं. सोफ्यावरच्या दोघांतले मोठे साहेब गोड माणूस. त्यांनी कागद उलटसुलट केला, चष्मा लावला आणि माइक जवळ ओढला.

"वा! आपल्या तरुण भगिनींनी फार विधायक सूचना आणल्या आहेत. मागणी क्रमांक एक, रंगमंच. मंजूर!"

टाळ्या पडल्या. लाज वाटते सांगायला, पण माझ्या अंगावर काटा आला. आईवडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली. एखादी मागणी जागच्या जागी मंजूर झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

"मागण्या दोन ते सात विचाराधीन," साहेब पुढे म्हणाले. त्यांत मास्तरांसारख्यांच्या बँडला सरावासाठी खोली होती आणि बाळू पेंटरसारख्यांसाठी गावातल्या भिंती होत्या. "तर पहिला रंगमंच न्हावरे परिसरात. स्टेज, वर शेड आणि संपूर्ण जागेवर पेव्हिंग ब्लॉक. परवा आमचा माणूस मोजणीला जाईल."

"न्हावऱ्यात कुठे?" मी विचारलं.

"बिरोबाच्या देवळासमोरील मोकळ्या जागेत."

मी धावत व्यासपीठावर गेले. "साहेब, ती जागा नाही. तिथे गजी खेळतात. ते मातीवर, अनवाणी नाचतात. देवळाच्या छपराहून उंच तुमचा स्टेज होईल."

"ताई, जागा तर तुम्हीच दिलीत." त्यांनी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. माझं अक्षर होतं, स्वच्छ आणि ठसठशीत. "सही आहे, जागा आहे, मागणी लेखी आहे. इतकी चोख मागणी मला नोकरीत पहिल्यांदाच मिळाली."

"मग मी ती मागे घेते."

"तुम्ही एकट्या कशा घेणार? सामूहिक मागणी आहे." हे ते हसत म्हणाले आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकजूट हा शब्द पत्रकात मी चार वेळा वापरला होता.

पहिल्या रांगेतला एक पांढरा शर्ट तेवढ्यात माझ्या पत्रकाचा फोटो काढून गेला. बाहेर मास्तरांचा बँड निरोपाची धून वाजवत होता.

पुन्हा न्हावरे, चौथा दिवस

मास्तर म्हणाले, मीही येतो. बाळू पेंटर, मास्तर आणि मी, तिघं आबांच्या ओसरीत बसलो आणि मी सगळं सांगितलं. पत्त्याचा रकाना मी भरला होता, तेही.

आबा ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक दोरी ताणली, दुसरी ताणली, मग विचारलं, "उद्या येनार का मोजायला?"

"हो."

"म्हंजी ह्या जत्रंला गजी व्हायची न्हाई."

ओसरीतून मैदान दिसत होतं. दोन कोंबड्या त्यावर काही सापडतंय का बघत होत्या. तिथे काहीच सापडत नाही, इतकं ते साफ असतं.

मी मोर्चा सुचवला. धरणं सुचवलं. एक सणसणीत निषेधाचं पत्रक रातोरात काढते म्हटलं.

"आदी त्या वासराला इचारा," बाळू पेंटर म्हणाले, "आनखी पत्रक खातंय का ते."

मंगल भाकरीचे हात पुसत बाहेर आली. "ताई, त्यो सरकारी कागुद बघू." मी सूचनापत्र दिलं. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. अशा सावकाश वाचनाला मी नेहमी नावं ठेवते. एका ओळीवर बोट थांबलं.

"ह्यात लिवलंय, सूचना केवळ कलाकारांकडूनच."

"हो, तेच एक वाक्य चांगलं आहे त्यात."

"मग आबा कुठं कलाकार हायेत?"

कोणाला आधी कळलं सांगता येत नाही. बाळू पेंटर खांबाला धरून हसायला लागले. मास्तर "या अल्लाह" म्हणाले आणि टोपी काढून पुन्हा घातली. आबा मात्र गंभीर होते.

"व्हय की," ते म्हणाले. "मी तर पैल्याच दिवशी सांगितलं हुतं."

अर्ज मी लिहायला घेतला. दीड पान झालं. मंगलने ते वाचलं, 'बाजारू सौंदर्यदृष्टी' हे शब्द दोनदा वाचले आणि विचारलं, "ह्ये सायबाला कळंल?" मग तिने पेन घेतलं. राहिलं ते असं: 'आम्ही खाली सह्या करणारे कलाकार नाही. आमच्या सह्या चुकून घेतल्या. सबब आमची मागणी धरू नये.' या दोन तालुक्यांतल्या वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांचं पहिलं एकमुखी निवेदन ते हेच. पुण्याच्या सरांना मी त्याची प्रत पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.

साहेबांची कचेरी, पाचवा दिवस

मोजणीचा माणूस निघायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही सकाळीच कांद्याच्या पिकअपमध्ये उभ्याने गेलो. साहेबांच्या टेबलापुढे आम्ही दहा जण उभे राहिलो तेव्हा आमच्या केसांत कांद्याची टरफलं होती. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"म्हणजे तुम्ही कलाकार नाही?"

"न्हाई, सायेब," आबा म्हणाले.

"मग ढोल वाजवता ते काय?"

"त्ये देवाचं."

"आणि तुम्ही?"

"पेंटर," बाळू पेंटर म्हणाले.

"मैं तो बँडवाला, साहब. मास्तर."

"मग सह्या कशाला केल्या?"

"पोरगी लांबनं आली हुती," आबा म्हणाले. या उत्तराला सरकारी कागदात रकाना नाही. साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. मग त्यांनी शेवटचा उपाय केला. "कशावरून तुम्ही कलाकार नाही?"

आबा सरळ उभे राहिले. पंचा डोक्यावरून काढून त्यांनी खांद्यावर टाकला. "गावात कुनालाबी इचारा, सायेब. सत्तर वर्सं काढली. अजून मला कुनी कलाकार म्हन्लं न्हाई."

दारातला शिपाई तोंडावर फाईल धरून हसला. साहेबही माणूसच. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. शिवाय नियम त्यांचाच होता, छापील होता आणि खाली त्यांचाच शिक्का होता. कलाकार नसलेल्यांच्या मागणीवर काम काढलं तर उद्या त्यांनाच खुलासा द्यावा लागला असता. त्यांनी फाईल ओढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मागणी करणारे कलाकार नसल्याने सदर जागेवरील रंगमंच वगळण्यात यावा." मोजणीच्या माणसाला फोन केला, "आज जाऊ नका." मग फाईल आमच्याकडे फिरवली. "याखाली सगळ्यांनी माझ्यासमक्ष सह्या करा."

आबांनी केली, कोरून. गजीतल्या बाकीच्यांनी केल्या. बाळू पेंटरनी वेल काढली, या खेपेला तीन पानांची. मास्तरांनी उर्दूत केली आणि खाली मराठीत.

"निमंत्रक ताईंची राहिली," साहेब म्हणाले.

मी पेन उचललं. आबांनी ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, टोपण लावलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"तू नगं करू, पोरी," ते म्हणाले. "तू हायेस."